शुगर नऊ वर्षांची, दीड वर्षापासून ‘ते’ जमत नाही. डॉक्टरीणबाईंना सांगायचं कसं?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. या एका प्रश्नासाठीच आज खातं काढलंय. नाव लिहीत नाही, समजून घ्या.

वय ४७. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. साडेनऊ ते सात खुर्ची सुटत नाही. शुगर नऊ वर्षांपूर्वी निघाली, तीसुद्धा विम्याच्या तपासणीत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची एक गोळी चालू आहे. तीन महिन्यांची शुगर आत्ता ८.९ आली, त्याआधी ८.४ होती. डॉक्टरीणबाई ओरडतात, मी मान डोलावतो आणि दवाखान्याच्या पायरीवरच तंबाखू मळायला घेतो. इथं कुणी ओळखत नाही, तर सोवळं कशाला नेसू?

आता मूळ मुद्दा. दीड वर्षापूर्वी सुरुवात झाली. आधी सगळं नीट असायचं आणि मध्येच ढिलं पडायचं. नंतर सुरुवातच होईना. पहाटे जाग यायची तेव्हा जे आपोआप असायचं, तेही बंद झालं. कधी झालं ते कळलंसुद्धा नाही. इच्छा आहे, बरं का. इच्छा गेली असती तर एक वेळ सुटलो असतो.

मी हॉलमध्ये झोपायला लागलो. कारण काय, तर मॅच बघायची असते. एकदा बायकोनं विचारलं, “माझं काही चुकलं का?” मी म्हटलं, “नाही गं, ऑडिटचा ताण आहे.” ती एवढंच म्हणाली, “ऑडिट तर जूनमध्येच संपलं.” यावर काय बोलणार?

लग्नाच्या वाढदिवसाला धीर करून दुसऱ्या पेठेतल्या मेडिकलमध्ये गेलो. तिथं दोन बायका उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत मी कफ सिरपच्या बाटल्या वाचत बसलो. मग हळूच बोललो. त्यानं काही न विचारता कागदात गुंडाळून ५० मिलिग्रॅमची ती निळी गोळी दिली. घरी त्या दिवशी मटण होतं. जेवलो, शेवटी भात, आणि वरून गोळी. नाक चोंदलं, तोंड लाल झालं, डोकं ठणकलं. बाकी काही नाही. बायकोला वाटलं बीपी वाढलं, तिनं कांद्याचा वास दिला.

विचारायचंय ते असं: हे शुगरनं होतं की माझ्या डोक्यातलं आहे? ती गोळी आमच्यासारख्यांनी घ्यावी का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे हे डॉक्टरांना सांगू कसं? त्या बाई आहेत हे एक. दुसरं असं की त्यांच्या दवाखान्यात काउंटरवर माझी सख्खी मेहुणी बसते. माझी फाईल तीच काढून आत नेते.

रानातला_वैद्य

काळजी करू नका भाऊ. शुद्ध जडीबुटीची पुडी आहे, पहिल्याच रात्री फरक. शुगरवाल्यांनाही चालते, साइड इफेक्ट शून्य. इनबॉक्समध्ये या.

द्राक्षबाग_तासगाव

दादा, त्या पुडीच्या नादाला लागू नका. आधी माझं ऐका, मग काय ते ठरवा. जरा लांबड लागेल.

मी ५९ चा. सव्वादोन एकर बाग. शुगर ४४ व्या वर्षी निघाली आणि ५१ ला तुमच्यासारखंच सुरू झालं. तुमचं ऑडिट, तसं माझं हवामान. ऑक्टोबरची छाटणी झाली की आभाळाकडं बघत रात्री काढायच्या. दावण्या रोग येतोय का, पाऊस पडतोय का. मी स्वतःला सांगितलं, टेन्शन आहे, बाग निघाली की होईल नीट. बाग निघाली, बेदाणा झाला, विक्रीची पट्टी आली, पण ते काही नीट झालं नाही. पुढच्या वर्षी तेच. मंडळी काही बोलली नाही आणि मीही नाही. एका घरात दोन मुकी माणसं.

डॉक्टरकडं दर दोन महिन्यांनी जात होतो बघा. ते विचारायचे, “काय त्रास?” मी म्हणायचो, “काही नाही, पाय जरा बधिर वाटतात.” पायाचं सांगायला लाज नव्हती. अडीच-तीन वर्षं अशीच घालवली.

मग बेदाण्याच्या शेडवर एक दिवस, मार्चचा महिना, दुपारी तीनचा सुमार. रॅकवर माल पसरत होतो. एकदम घाम. उन्हाचा घाम वेगळा, हा गार होता, बनियन पिळून निघावं असा. दम लागला. छातीत मात्र काहीही दुखलं नाही. पित्त झालं म्हणून सोडा प्यायलो. चुलतभावानं ऐकलं नाही, गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं म्हणून आज हे लिहितोय. अँजिओग्राफीत एक नळी ९० टक्के बंद, दुसरी ७०. दोन स्टेंट. तिथं कळलं की शुगरवाल्याच्या नसा बोथट झालेल्या असतात, हार्टची कळ त्याला येईलच असं नाही.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर कागद भरून घेत होता. सिगारेट? नाही. तंबाखू? सोडली. मग मान वर न करता त्यानं विचारलं, “संबंधाच्या वेळी ताठरता येण्यात काही अडचण?” आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हे विचारलं. मी म्हटलं, “तीन वर्षं झाली.” त्यानं पेन खाली ठेवला. म्हणाला, “काका, तेव्हाच आला असता तर आपण हार्ट तेव्हाच तपासलं असतं.”

मला त्या डॉक्टर पोरानं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. माझ्या बोअरचं पाणी क्षाराचं. ठिबक टाकून दोन-तीन वर्षं झाली की चुना धरतो. पण कुठं धरतो? तीन इंची मेन लाइनीत नाही. आधी ड्रिपरचं भोक बुजतं. ओळीच्या शेवटचं झाड मलूल दिसायला लागतं. नवा गडी त्या झाडाला औषध मारत बसतो. जुना गडी पाइप हातात घेतो, शेवटची बूच काढून पाणी सोडून बघतो, कारण त्याला माहिती असतं की आज जे ड्रिपरमधी आहे ते उद्या लॅटरलमधी, म्हणजे ओळीच्या नळीत, येणार. माझं झाड तीन वर्षं मलूल होतं आणि मी आभाळाकडं बघत बसलो होतो.

सगळ्यांचं असंच होतं असं म्हणत नाही. माझं झालं.

आता तुमच्या मनात येईल की काकांचं पुढं काय झालं. स्टेंटनंतर जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असते, त्यामुळं ती निळी गोळी मला बंद. मग मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी हवा ओढायचा पंप सांगितला. प्लॅस्टिकची नळी, हातानं हवा काढायची, रक्त आलं की बुडाशी रबराची रिंग. अर्ध्या तासाच्या आत रिंग काढायचीच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारायचं, निळे डाग पडतात. पहिल्या दिवशी आम्ही दोघं इतकं हसलो की काम राहूनच गेलं. शेतकऱ्याला पंप नवा नाही, पण हा लाइट न लागणारा पहिलाच! चालतं आमचं. पूर्वीसारखं नाही, पण मी आता हॉलमधी झोपत नाही.

फिजिशियन_लातूर

ओपीडीच्या मधल्या वेळेत लिहितोय, तुटक होईल.

काकांचं ठिबक मी उद्यापासून रुग्णांना सांगणार. आकार खरंच तसेच आहेत. लिंगाच्या रोहिण्या १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४, मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या ५ ते ७. चरबीचा थर सगळीकडे एकाच वेळी धरत असला तरी अडचण आधी बारीक नळीत दिसते. हृदयाची लक्षणं पुढच्या दोन ते पाच वर्षांत दिसू लागतात, असं बऱ्याच रुग्णांत आढळलं आहे. ही मधली वर्षं म्हणजे आम्हा डॉक्टरांसाठी सोन्यासारखी वेळ असते, आणि ती लाजेत जाते. दोष एकट्या रुग्णाचा नाही. आम्हीही विचारत नाही. काकांना तो प्रश्न स्टेंट टाकल्यावर विचारला गेला, हे आमच्या धंद्याला शोभणारं नाही.

पण ठिबकची उपमा अर्धीच पुरते. पाइप फुगत नाही, रोहिणी फुगते. तिच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो स्नायूला ‘सैल हो’ म्हणतो, नळी रुंदावते, रक्त भरतं. हा वायू शरीरात संदेश पोचवतो हे दाखवल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की हे अस्तरच आजारी पडतं आणि वायू कमी सुटतो. म्हणजे नळी बुजण्याच्या कितीतरी आधी ती रुंदावणं विसरते. तंबाखूतलं निकोटीन नळ्या आवळतं, म्हणजे जिथं सैल व्हायचं तिथंच गळफास. चघळली काय आणि ओढली काय, निकोटीन ते निकोटीन.

दुसरी बाजू नसांची. पायाच्या बोटांना जाणाऱ्या नसा झिजतात तशा याही झिजतात. म्हणून मधुमेहींमध्ये ही तक्रार इतरांच्या दुपटी-तिपटीनं दिसते आणि दहा-पंधरा वर्षं आधी दिसते.

सोलापूरकर, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ पहाटेची आहे. पहाटेची उभारी टिकून असेल आणि फक्त जोडीदारासोबत अडत असेल तर मनाकडे आधी बघतात. तुमची पहाटेचीही गेली आहे आणि सुरुवात हळूहळू झाली, तेव्हा शरीराचं कारण शोधायलाच हवं. मनाचा भाग नसेल असं नाही. दोनदा फसलं की तिसऱ्यांदा भीतीच पुरते.

डॉक्टरांकडे हे करून घ्या: लिपिड (रक्तातली चरबी), ईसीजी, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन (३० च्या वर गेलं तर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्याही कुरकुरताहेत असं समजायचं), पायांची संवेदना, डोळ्याचा पडदा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान आणि कमी आलं तर पुन्हा एकदा. पोट सुटलेल्या मधुमेहींत ते बरेचदा कमी निघतं. दुपारी चारला केलेला रिपोर्ट घेऊन येऊ नका. आणि बीपीच्या गोळीचं नाव बघा. तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असेल किंवा ती अटेनोलॉल असेल तर त्यानंही भर पडू शकते, बदल करता येतो. मात्र स्वतःहून बंद करू नका. अटेनोलॉलसारखी गोळी झटक्यात थांबवणं हृदयाला महागात पडतं.

एकटे आहात असं वाटत असेल तर, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते ८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांना विचारलं होतं. ५२ टक्क्यांना कमी-अधिक हाच त्रास होता. तुमच्या कारखान्यातल्या चहाच्या टेबलावर कोणी कबूल करणार नाही, एवढाच फरक.

औषधाचं_दुकान_नाशिक

मी एकवीस वर्षं काउंटरच्या या बाजूला आहे. कफ सिरपच्या बाटल्या वाचणारी माणसं मला लांबून ओळखू येतात. दादा, पुढच्या वेळी सरळ चिठ्ठी घेऊन जा, कुणी वळूनही बघत नाही. ज्यानं तुम्हाला काही न विचारता गोळी दिली त्याचं चुकलं. ही शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न द्यायची गोळी आहे. निदान एक प्रश्न तरी विचारायला हवा होता: “छातीदुखीची कुठली गोळी चालू आहे का?”

तो प्रश्न का, ते सांगतो. काकांच्या खिशातली जिभेखालची गोळी म्हणजे नायट्रेट. ती नळ्या सैल करण्याचा निरोप तयार करते. निळी गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, तो निरोप पुसू देत नाही. दोन्ही एकत्र आल्या की अंगभर नळ्या सैल पडतात, बीपी खाली बसतं, आणि माणूस उठतोच असं नाही. निकोरँडिल ही छातीदुखीची गोळी घेणाऱ्यांनाही हेच लागू. उलटंही लक्षात ठेवा: ही गोळी घेतल्यावर कधी छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यावं लागलं, तर लाज सोडून आधी ‘मी ही गोळी घेतलीय, इतक्या वाजता’ हे सांगायचं. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच कामाच्या टाडालाफिल या गोळीनंतर ४८ तास तरी नायट्रेट देत नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तरी डॉक्टरला सांगायचं, उभं राहिल्यावर चक्कर येते. आणि चार तास उतरलंच नाही तर तो विनोद नाही, कॅज्युअल्टी गाठायची.

गंमत अशी की ही गोळी निघाली होती छातीदुखीसाठीच. इंग्लंडमध्ये तिची चाचणी चालू होती. छातीला म्हणावा तसा गुण येईना, पण घेणारे पुरुष वेगळंच काही सांगू लागले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली ती या दुसऱ्या कामासाठी.

तुमची का चालली नाही? एक तर मटण. पोटभर तेलकट जेवणावर घेतली की ती उशिरा आणि कमी लागते. रिकाम्या किंवा हलक्या पोटी, तासभर आधी घ्यायची. टाडालाफिलला जेवणाचं एवढं वावडं नाही आणि तिचा असर दीड दिवस राहतो. दुसरं म्हणजे गोळी घेऊन छताकडे बघत पडलं तर काही होत नाही, जवळीक लागतेच. आणि तिसरं डॉक्टरसाहेबांनी जवळजवळ सांगितलंच आहे: गोळी फक्त निरोप पुसू देत नाही. नसा आणि अस्तर यांनी निरोप धाडलाच नाही तर ती राखणार काय? म्हणून शुगरवाल्यांमध्ये तिचा गुण इतरांपेक्षा कमी येतो. डॉक्टरनं योग्य मात्रा ठरवून दिल्यावर सहा-आठ वेळा नीट पद्धतीनं घेऊन बघितल्याशिवाय ‘चालत नाही’ असं म्हणू नये.

आता ‘रानातला वैद्य’साहेब. पहिल्याच रात्री फरक देणारी झाडपाल्याची पुडी? अशा ‘नैसर्गिक’ मालात चोरून सिल्डेनाफिल मिसळल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कितीदा तरी पकडलंय. काकांसारख्या स्टेंटवाल्यानं ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून ती पुडी खाल्ली आणि वर जिभेखाली गोळी ठेवली तर? अश्वगंधेशी माझं भांडण नाही, दुकानात विकतोही. पण तिचा गुण पहिल्या रात्री येत नाही.

रानातला_वैद्य

आमची पुडी शंभर टक्के शुद्ध आहे. ज्याला विश्वास आहे त्यानं घ्यावी.

औषधाचं_दुकान_नाशिक

लेबलवर घटक आणि परवाना क्रमांक असेल तर फोटो टाका. वाट बघतो.

डोंबिवली_फास्ट

इथं बाई म्हणून मी एकटीच दिसतेय, तरी लिहिते.

दादा, तुमची बायको ‘ऑडिट जूनमध्ये संपलं’ म्हणाली ना? ती हिशेब मांडतेय. माझाही मांडून झाला होता. माझे मिस्टर रेल्वेत, शुगर बारा वर्षांची. एक दिवस त्यांना बेडरूममध्ये एसी सोसेना. मग कंबरेला गादी टोचायला लागली. मग ते हॉलमध्ये. मी पहिले सहा महिने आरशात स्वतःकडे बघत काढले. पुढचे सहा महिने त्यांच्या फोनकडे. शेवटी मला जवळजवळ खात्री झाली होती की बाहेर कुणीतरी आहे. सांगायला लाज वाटते, पण मी त्यांच्या डब्यात दोन पोळ्या कमी द्यायला लागले होते, की बघू दे आता तीच घालील खायला!

त्यांनी सांगितलं ते एका रविवारी. मी मेथी निवडत बसले होते. हे शेजारी येऊन बसले आणि निवडायला लागले, आयुष्यात पहिल्यांदा. देठासकट सगळं पातेल्यात टाकत होते. मी ओरडणार तेवढ्यात खाली मान घालून म्हणाले, “मला होत नाहीये गं. शुगरमुळे असेल. तुझा काही संबंध नाही.” मेथी तशीच राहिली. मी रडले, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले. हार्ट, शुगर, किडनी, काय असेल ते बघता येतं. ‘ती दुसरी’ असती तर काय केलं असतं?

तेव्हा सांगा. रात्री नको, पलंगावर नको. तिचे हात कशात तरी गुंतलेले असताना सांगा, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि एक जाता जाता. बाईला शुगर असली तरी कोरडेपणा, सारखं इन्फेक्शन, दुखणं हे सगळं असतंच. आम्हालाही कुणी विचारत नाही. तुमच्या मिसेसची शुगर कधी तपासलीत?

अंधेरी_ईस्ट_५२

मधेच घुसतो, माफी. मला ताठरतेचा नाही पण पुढच्या कातडीला चिरा पडून आग होते, मागे सरत नाही. शुगरचीच गोळी नवीन चालू केल्यावर वाढलं. हे वेगळं काय?

फिजिशियन_लातूर

नवीन गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल. ती साखर लघवीतून बाहेर काढते, तिथं ओल राहिली की बुरशी धरते. हृदय आणि किडनीसाठी गोळी चांगली आहे, घाईनं सोडू नका. लघवीनंतर पाण्यानं धुऊन कोरडं करा, मलम लागेल, दाखवून घ्या. कातडी अजिबात सरत नसेल तर सर्जनकडे.

टॉवेलवाला_सोलापूर

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. काकांची बेदाण्याची दुपार तर रात्री डोळ्यांसमोर यायची.

आधी बायको. आमच्याकडे मेथी नव्हती, शेंगा होत्या. चटणीसाठी ती भाजलेल्या शेंगदाण्याची साल काढत होती. मी समोर बसलो, सूप घेतलं आणि पाखडायला लागलो. सगळी सालं माझ्याच अंगावर. ती हसली आणि तेवढ्यात मी बोलून टाकलं. हसणं थांबलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या दिवशी कांद्याचा वास दिला तो त्या गोळीवर का?” मी हो म्हटलं. त्यावर जी हसत सुटली! मेहुणीला काही सांगायचं नाही हे तिनंच ठरवलं. मेहुणीची सुट्टी गुरुवारी असते हीही माहिती तिचीच.

गुरुवारी गेलो. बोलायला तोंड उघडेना, म्हणून आदल्या रात्री एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, ‘ताठरतेचा त्रास, दीड वर्ष, पहाटेसुद्धा नाही’. शुगरच्या रिपोर्टवर ठेवून टेबलावर सरकवली. बाईंनी वाचली, घडी घालून मलाच परत दिली आणि खोकल्याबद्दल विचारावं तशा आवाजात विचारलं, “लघवीला जोर कमी झालाय का? दोन जिने चढून दम लागतो का?” बस. एवढंच होतं ते. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

पायाच्या अंगठ्याला तो वाजणारा चिमटा लावला. डाव्या अंगठ्याला काहीच कळलं नाही, उजव्याला थोडं. झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं. लघवीतलं अल्ब्युमिन ६८ आलं. वाईट कोलेस्टेरॉल १४२, त्यासाठी रात्रीची एक गोळी वाढली. टेस्टोस्टेरॉन सकाळी साडेआठला दिलं, ते ठीक निघालं. बीपीच्या गोळीत लातूरच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं ते लांबलचक नाव होतंच, बाईंनी दुसरी दिली. ईसीजी बरा आहे. पण जिन्याचं मी खरं सांगितलं, दुसऱ्या जिन्याला कठड्याला धरावं लागतं. त्यावर म्हणाल्या, “मग गोळीचं नंतर बघू. आधी पट्ट्यावर चालून दाखवा.” मी जरा हिरमुसलो. बायको म्हणाली, दीड वर्ष थांबलो तर आणखी दोन आठवड्यांत काय बिघडतंय.

तंबाखू सोडल्याचा आज एकोणिसावा दिवस. मध्ये दोनदा घसरलो, ते धरून. खिशात आता बडीशेप असते. कारखान्यात सगळ्यांना वाटतंय मला पित्त झालंय. रात्री जेवणानंतर दोघं तलावाच्या बाजूनं चालून येतो, अर्धा तास. तिच्या शुगरचं डोंबिवलीच्या ताईंनी लिहिलं होतं म्हणून तपासली. उपाशीपोटी ११८ आली. म्हणजे तीही आता माझ्याच रांगेत पाय ठेवतेय. आमचा पांढरा भात निम्मा झाला.

बाकी ‘त्यात’ फरक? फार नाही. एकदा पहाटे थोडं जाणवलं, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. पण हॉलमधली गादी गुंडाळून माळ्यावर टाकली.

ती पट्ट्यावर चालायची टेस्ट, टीएमटी, येत्या मंगळवारी आहे. त्याला बूट लागतात का? माझ्याकडे ऑफिसच्या चपलाच आहेत.

द्राक्षबाग_तासगाव

बूट घालून जावा, चपलेत पाय सटकतो. पोराचे असतील तर त्याचे घ्या. पोट फार भरून जायचं नाही, आणि कुठली गोळी त्या दिवशी घ्यायची, कुठली नाही, ते आधी फोन करून विचारा. छातीवरचे केस काढतात वायरी चिकटवायला, ते घरी सांगून ठेवा. नाहीतर मंडळी विचारेल, हे आता काय नवीन?